बिड्या वळताना सांगितलेले सिनेमे

पडद्यावरचं माणूस खोकायला लागलं की मी हल्ली थिएटरातून उठून बाहेर येते. रांगेतली माणसं चिडतात, पाय आवळून वाट देतात, कुणीतरी म्हणतं, "ओ मॅडम, आत्ताच तर चालू झालाय की." होऊ दे चालू. पुढं काय होणार ते मला पाठ आहे. आणि ते सगळं धादांत खोटं असतं, हे मला फार उशिरा कळलं. माझी आई खोकून खोकून गेली. ज्या रोगानं गेली त्याचं औषध आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर मिळत होतं, तेही फुकट. तिनं ते घेतलं नाही, आणि का घेतलं नाही त्यात माझा वाटा आहे. माझ्या तोंडाचा वाटा आहे. असं म्हटलं की लोक मला गप्प करतात. म्हणतात, असं बोलू नये बाई, ज्याचं त्याचं नशीब. नशीब गेलं खड्ड्यात. मी काय बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. पण ते सांगायचं तर आधी सिनेमाचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथूनच आलं.

मी सिनेमावेडी आहे. होते नव्हे, आहे. एवढं होऊनसुद्धा ते वेड गेलं नाही याची मला लाज वाटते, पण आहे ते आहे.

आम्ही राहतो कुंभारीला, सोलापूरच्या अंगाला. कामगारांच्या घरांच्या रांगाच रांगा आहेत इथं, सगळी एकासारखी एक, रंगावरूनच काय ते आपलं घर ओळखायचं. बाप मी लहान असतानाच गेला. घरात आई आणि मी. आई बिड्या वळायची, बारावी झाल्यावर मीही तेच करायला लागले. शेजारी अक्का. तिच्या घरात तेलुगू बोलतात, आमच्याकडं मराठी, आणि आई नि ती भांडायला लागल्या की कुठली भाषा चालली आहे ते देवालाही कळू नये. अक्काला मूलबाळ नव्हतं, नवरा सुताच्या कारखान्यात होता तो वारला. तिचा अर्धा संसार आमच्याच घरात असायचा. आमच्या दारापुढं सावली बरी पडायची, म्हणून रांगेतल्या सहा-सात जणी तिथंच सूप मांडीवर घेऊन बसायच्या. भिजवलेलं पान घ्यायचं, पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दिवसभर हेच. डोळे एक क्षण हलवायची सोय नाही. बिडी सैल झाली की कारखान्यातला तपासणारा मूठभर बिड्या मोडून समोर टाकतो. एकदा एकीनं भिंतीला मोबाईल टेकवून सिनेमा लावला होता. दोन दिवसांत तिच्या निम्म्या बिड्या बाद झाल्या, वर अंगठ्याला कात्री लागली ती वेगळीच.

डोळे अडकलेले, पण कान मोकळे. म्हणून आमच्याकडं एक रीत पडली होती. नवा सिनेमा लागला की एकीनं जायचं, आणि त्या दिवशीच्या तिच्या वाटणीच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या. दुसऱ्या दिवशी तिनं बसून सगळा सिनेमा सांगायचा. पहिल्यांदा पाळी लावली होती. पण एकीनं तीन तासांचा सिनेमा "तो चांगला असतो, तो वाईट असतो, शेवटी जमतं त्यांचं" एवढ्यात उरकला, दुसरी इंटरवलनंतर झोपली होती, आणि तिसरीनं तर भलताच सिनेमा बघून भलताच सांगितला. मग अक्कानं हुकूम काढला, "ह्या पोरीला पाठवा. हिचं तोंड लई चालतंय." तेव्हापासून कायम मीच. माझ्या बिड्या वळल्या जायच्या आणि मी दुपारच्या खेळाला शहरात.

आई कधी आली नाही. एकदाच आली होती, तर अंधारात तिचं डोकं धरलं. त्यानंतर म्हणायची, "तू सांगतीस ते मला दिसतंय की. मग तितं जाऊन काय बघू?"

आता माझी मतं. ती मी फुकटात आणि न विचारता देते, आमच्या रांगेत सगळ्यांना माहीत आहे.

मारामारीचा सिनेमा सगळ्यात प्रामाणिक, असं माझं ठाम मत आहे. नाकानं कांदे सोलणारी माणसं त्याला नावं ठेवतात. गाडी हवेत कशी उडेल म्हणे, एक माणूस तीस जणांना कसा मारेल. अरे बाबांनो, आम्हाला काय ते कळत नाही? दक्षिणेकडचे डब केलेले सिनेमे मी सांगायला लागले की अक्का पान खाली ठेवायची, त्या दिवशी काम मागं पडायचं. तिनं मूळ तेलुगूत तेच सिनेमे बघितलेले असायचे आणि ती मला मध्येच अडवायची, "तसं न्हाय म्हनलं त्यो, लई भारी म्हनलं त्यो." आम्हाला गाडी उडण्याशी मतलब नसतोच. गुर्मीत बोलणाऱ्याच्या थोबाडीत बसते आणि तो पडतो, त्याच्याशी असतो. आमच्या बिड्या मोडून फेकणाऱ्याला आजपर्यंत कुणी एक चापट मारलेली मी बघितली नाही.

भुताच्या सिनेमांवर माझा राग आहे. भूत म्हटलं की मोठं घर, लांब जिना, बंद खोल्या. गरिबाच्या घरी भुतानं जाऊच नये काय? आमच्या एका खोलीत भूत आलं तर बसेल कुठं, सुपावर? आई एकदा म्हणाली होती, "येऊ दे की, त्याच्या हातात कात्री देऊ." एवढ्या जणी हसल्या की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आई कमी बोलायची, पण बोलली की असं काहीतरी बोलायची.

प्रेमाचे सिनेमे मला आवडतात आणि मी ते कबूल करते. चाळिशीकडं झुकलेल्या बाईनं हे कबूल करायचं नसतं म्हणे. माझं लग्न ठरलं होतं आणि मोडलं, ती कथा इथं नको. तरी तो स्टेशनवर धावत येतो आणि गाडी हलायला लागते, तेव्हा मी अजूनही खुर्चीच्या टोकाशी येते. फक्त एक कळत नाही. हे हीरो लोक कामाला कधी जातात? ऐतिहासिक सिनेमात मात्र मला झोप येते. दोन वाक्यं बोलायची, मग पाच मिनिटं हळूहळू घोडा. तलवार निघेपर्यंत माझा वडा गार होतो.

आणि रहस्याचे सिनेमे. ह्या बाबतीत मी गर्विष्ठ होते, अगदी माजलेली म्हणा. वीस मिनिटांत मी खुनी ओळखायची. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईलाही कानात सांगायची. युक्ती काही नाही, लक्ष ठेवायचं. कॅमेरा ज्याच्यावर विनाकारण थांबला तो. जो फार गोड बोलतो तो. जिनं हात पदराखाली लपवला ती. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं मी दारात बसून मोठ्यानं सांगायची, आणि चार हातांवर आई बसलेली असायची, खोकून झालं की पदराचं टोक मुठीत घट्ट धरून.

आता तो सिनेमा. त्यात एक बाई असते, दोन लेकरांची आई, तिला कसलासा आजार होतो. आजाराचं नावसुद्धा धड सांगत नाहीत. ती स्वयंपाक करता करता खोकते, रुमाल तोंडाला लावते, बाजूला करते, आणि पांढऱ्या रुमालावर लाल ठिपका. संगीत वाजतं. ती रुमाल लपवते. मग उरलेला सगळा सिनेमा ती हसते, लेकरांची लग्नं लावते आणि शेवटी दवाखान्यात लिपस्टिक लावलेल्या ओठांनी पंधरा मिनिटं बोलून मरते. थिएटरात बायका हमसून रडत होत्या. मला असा काही राग आला की काय सांगू. मला रडवायचं म्हणून माणूस मारतात, हा माझा आक्षेप होता. अजूनही आहे.

दुसऱ्या दिवशी मी तो सिनेमा सांगितला, तो चेष्टा करतच. उठून उभी राहिले, अभिनय करून दाखवला. पदर तोंडाला लावला, खोकले, पदर बघून डोळे मोठे केले. आणि म्हणाले, "ध्यानात ठेवा गं बायांनो, सिनेमात कुणी खोकलं आणि लाल ठिपका दिसला की त्याचं तिकीट फाटलं. डॉक्टर येऊ दे, देव येऊ दे. आजवर एक वाचलेला मी बघितला नाही." सगळ्या हसल्या. मी परत एकदा खोकून दाखवलं, तेव्हा आणखी हसल्या. आईही हसली. मी तिच्याकडं बघितलं होतं, म्हणून मला माहीत आहे.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी वळलेल्या बिड्यांचे कट्टे बांधत होतो. आईनं सहज विचारावं तसं विचारलं, "ती बाई... तिनं आधीच दावलं असतं कुणाला, तर वाचली असती का गं?"

मी मान वर केली नाही. मला वाटलं, बघा, आईलाही सिनेमाची गोडी लागली, आता चर्चा करते. मी खुशीत आले. म्हणाले, "अगं वाचली असती तर सिनेमा कसा निघाला असता? त्या रोगाला औषध नसतंच, आई. सगळ्यांना सांगून उगाच घरभर रडारड झाली असती. लपवलं तेच बरं केलं तिनं, निदान लग्नं तरी नीट लागली."

"व्हय की," आई म्हणाली. कट्ट्याला गाठ मारली, बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला.

इथं मी थांबते दर वेळी. हे मनात हजार वेळा चालवून बघितलं आहे. ती विचारते, आणि मी मान वर करते. बस, एवढंच. मान वर केली असती तर माझ्यासारख्या खुनी ओळखणारीला तिच्या तोंडावर सगळं दिसलं असतं. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउज ढगळ झाला होता, तिनं स्वतःच बाजूनं टाचून घेतला होता. दुपारनंतर अंग तापायचं, ती म्हणायची ऊन लागलं. आणि खोकला? बिड्या वळणाऱ्या बायकांत खोकला कोण मोजतंय? तंबाखूचा ठसका सगळ्यांनाच. आमच्या दारात दिवसभर कुणी ना कुणी खोकतच असतं. आम्हाला तो आवाजच येईनासा झाला होता.

त्यानंतरचे तीन-चार महिने मी जोरात होते. सिनेमे लागोपाठ येत होते आणि आई स्वतःहून म्हणायची, "नवा लागला न्हवं का? जा की. तुझ्या बिड्या आमी बघतो." मला वाटायचं, किती समजूतदार आई आहे माझी. मी केस विंचरून, पावडर लावून निघायची. ती दारापर्यंत यायची. मी वळणावर जाईपर्यंत उभी असायची.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले असतील. मी एक विनोदी सिनेमा सांगत होते. विनोदी सिनेमा सांगायला सगळ्यात अवघड, हे कुणालाही विचारा. थोडं चुकलं की ऐकणाऱ्या जांभया देतात. त्या दिवशी मात्र जमून आलं होतं. दोन नवरे, एक बायको, एक कपाट असला काहीतरी गोंधळ होता. बाया लोळायच्या बाकी होत्या. आईला हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. मी सांगायचं थांबवलं नाही. मला वाटलं, हसण्यानंच. मग अक्का ओरडली. आईच्या मांडीवरच्या सुपात कापलेली पानं होती, त्यांच्यावर रक्त पडलं होतं. ठिपका नव्हता तो. ओंजळभर होतं. आणि आई दोन्ही हातांनी ती पानं झाकत होती.

रिक्षातून नेताना ती मला म्हणत होती, "पानं वाया गेली गं. कारखान्यात काय सांगायचं?"

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. दोन्ही फुफ्फुसं गेली होती. "किती दिवसांपासून रक्त पडतं, मावशी?" तिनं विचारलं. आई माझ्याकडं बघून खाली बघायला लागली. मी म्हणाले, आजच पडलं. डॉक्टरनं माझ्याकडं जरा थांबून बघितलं, आणि परत आईला विचारलं. आईनं बोटं दाखवली. तीन. मग विचार करून चौथं उघडलं.

"महिने?" डॉक्टरचा आवाज चढला. "अहो, टीबी आहे हा. सहा महिने गोळ्या घेतल्या की बहुतेक माणसं खडखडीत बरी होतात. लवकर का नाही आलात?"

आई उठून बसायला बघत होती. "औषध असतंय ह्याला?"

"असतं म्हणजे काय! तुमच्या कुंभारीतसुद्धा मिळतं. पैसे पडत नाहीत."

आईनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी तो आयुष्यभर उराशी धरून बसले असते, पण राग नव्हता. एखादी गोष्ट समजावून घेताना बघावं तसं बघत होती. म्हणाली, "मग सिनेमात का न्हवतं गं?"

एरवी कुठल्याही सिनेमावर माझं मत तयार असतं.

गोळ्या लगेच सुरू केल्या. पण अंगात ताकद उरली नव्हती, आणि आजार फार पुढं गेला होता. ती एकोणीस दिवस राहिली. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. हातात हात घेऊन बोलणं नाही, वचन नाही, माफी नाही. मी माफी मागायला बसायची आणि नर्स यायची, किंवा शेजारच्या खाटेवरचं कुणी ओरडायचं. आई बोलायची तर धाप लागायची. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं एवढंच विचारलं, "आज नळ येणार हाय न्हवं? पाणी भरलंस का?" आमच्याकडं पाणी रोज येत नाही. मी म्हणाले, अक्का भरते. दुपारी ती गेली.

मी बिड्या सोडल्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागले, तिथं मशीनचा आवाज एवढा असतो की कुणी कुणाला काही सांगू शकत नाही, तेच मला पाहिजे होतं. रांगेतल्या बायका दोन-तीनदा म्हणाल्या, बस की जरा, सांग एखादा जुना. मी एकीच्या अंगावर खेकसले. मग त्यांनी नाद सोडला.

दोनेक महिन्यांनी आरोग्यसेविका तपासायला आली. ज्या घरात असा रोगी गेला त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांची तपासणी करतात. माझी थुंकी चांगली निघाली. अक्काची वाईट.

अक्का गोळ्या घेईना. पाकिटं देवघराखाली सारून ठेवली. "तुझी आई घेतली की गोळ्या. गेली न्हवं का?" मी सांगितलं की ती उशिरा गेली, तुझं लवकर सापडलं. ऐकेना. मी ओरडले, भांडले, रडले. शेवटी काय सुचलं कोण जाणे, मी रोज सकाळी कामाला जायच्या आधी तिच्या दारात बसायला लागले आणि म्हणाले, सिनेमा सांगते. गोळी घेतलीस तरच पुढचं.

असला सिनेमा जगात कुणी काढला नसेल. एक बाई असते. ती सकाळी उठते, गोळ्या घेते, भाकरी खाते. दुसऱ्या दिवशी उठते, गोळ्या घेते. मारामारी नाही, गाणं नाही, इंटरवल नाही. अक्का वैतागायची, "लई बोर सिनेमा हाय हा. कुणीतरी मरू दे की तरी." मी म्हणायची, कुणी मरत नाही ह्याच्यात. पहिल्याच आठवड्यात तिची लघवी लालसर झाली तेव्हा ती ओरडत आली, रक्त जातंय म्हणाली, पाकिटं फेकून द्यायला निघाली. मी दवाखान्यात पळत जाऊन विचारून आले. गोळीचाच रंग असतो तो. मग दुसऱ्या दिवशी सिनेमातल्या बाईलाही तसंच झालं, आणि अक्कानं गोळी गिळली. असे सहा महिने. त्या सहा महिन्यांत मला एका गोष्टीची भीती होती, फक्त एका. हीही गेली तर मी काय करणार होते, मला माहीत नाही.

ती गेली नाही. थुंकी चांगली आली, वजन वाढलं, आवाज परत पहिल्यासारखा चढला. बरी झाल्याचा कागद मिळाला त्या दिवशी रविवार नव्हता, तरी मी सुट्टी टाकली होती. अक्का नवं लुगडं नेसून पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात आली. "खा," म्हणाली. "तूच वाचवलीस मला."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तिचे भरलेले गाल बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही जागा माझ्या आईची होती. इतकी साधी होती ती गोष्ट, सकाळी उठून गोळी घ्यायची, एवढी साधी. मी पेढ्याला हात लावला नाही. तिचा अर्धा संसार आमच्या घरात, तिला काही कळलं नसेल हे शक्यच नव्हतं; सहा महिने तोंडात धरून ठेवलेलं बाहेर पडलं. "अक्का, आईला रक्त पडतंय हे तुला ठाऊक होतं ना?"

तिनं पुडा उंबऱ्यावर ठेवला. खोटं बोलली असती तर मला कळलं असतं. ती खोटं बोलली नाही.

"होतं," म्हणाली. "फडकी तर मीच धुत होते तिच्याबरोबर. घरात तू असायचीस दिवसभर, तुझ्यादेखत कसं धुवायचं? म्हणून फडकी साठवून ठेवायची ती, पत्र्याच्या पेटीत. तू सिनेमाला गेलीस की आमी काढायचो. धुवून, वाळवून, घडी करून ठेवायचो, तू यायच्या आत."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"मी म्हनलं तिला. सांग पोरीला म्हनलं. तर म्हनली, औषध न्हाय त्याला. पोरगीच सांगितली न्हवं. मग तिला कशाला सांगायचं? कळलं तर सिनेमाला जायचं सोडंल ती. मग काय राहतंय तिला?"

अक्का उभीच होती. मी आत आले, दार लोटून घेतलं आणि खाटेवर बसले. कुठले कुठले सिनेमे होते ते, मी एकेक आठवायला लागले. त्या चार महिन्यांत मी अकरा वेळा गेले होते.